नाव विचारायचं नाही

आर्वो कार्प्पिनेन फारसा बोलत नसे असं म्हटलं, तर हार्युकोस्कीत कुणाला त्याचं नवल वाटणार नाही. आमच्याकडे सगळेच कमी बोलतात. पण आर्वोचं न बोलणं त्यातही उठून दिसायचं. सव्वीस वर्षं तो लाकूड कापायच्या गिरणीत मोठ्या करवतीपाशी उभा होता. तिथे शेजारच्या माणसाचं बोलणं शेजारच्याला ऐकू जात नसे आणि आर्वोला ते सोयीचंच वाटायचं. घरी आलं की कॉफी, मग वर्तमानपत्र, शनिवारी सौनाची गरम वाफ, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरणं. त्याची बायको इर्या शाळेत नर्स होती. दिवसभर पोरांशी बोलून तिचा घसा बसलेला असायचा, त्यामुळे संध्याकाळी दोघांचं छान जमायचं. मुलगा एकच. तो स्वीडनला कामाला गेला आणि तिकडचाच होऊन बसला.

इर्या काय काम करते हे आर्वोला ठाऊक होतं, पण बेताचंच. पोरांचे कान-डोळे तपासायचे, लशी टोचायच्या आणि आठवी-नववीच्या वर्गांना 'ते' शिकवायचं. 'ते' या शब्दाच्या पुढे आर्वो कधी गेला नव्हता. एकदा तिने त्याच्याकडून बर्चच्या लाकडाचे सहा दांडे कातून घेतले. वीतभर लांब, वरून गोल, घासून गुळगुळीत केलेले. कुठल्या तरी खेळाचं सामान असेल म्हणून त्याने मन लावून केले, वर तेलाचा हातही मारला. कंडोम कसा चढवायचा हे पोरांना दाखवायला ते हवे होते, हे त्याला महिन्याभराने गिरणीत कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. दोन दिवस तो इर्याकडे बघेना.

"काम झक्कास झालं होतं हो," इर्या त्याला चिडवायची. "पोरं विचारत होती, कुणी केलेत म्हणून."

"सांगितलंस?"

"सांगितलं."

ब्याण्णवच्या हिवाळ्यात गिरणी बंद पडली. सगळ्या देशावरच मंदीची कुऱ्हाड कोसळली होती, त्यात आमची गिरणी ती काय. आर्वो पंचावन्न वर्षांचा होता. या वयाच्या माणसाला नवी नोकरी कोण देणार? पुढच्या वर्षी नगरपालिकेने खर्चाला कात्री लावली आणि ती इर्याच्या खोलीपर्यंत आली. आता तिने फक्त मंगळवारी शाळेत यायचं, बाकीचे दिवस चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या तीन गावांत फिरायचं. 'ते' तासही गेले. वेळ उरलाच तर कसरतीच्या मास्तरांनी दोन शब्द सांगावेत असं ठरलं. मास्तरांना वेळ उरेना.

इर्या नगरपालिकेच्या सभेत जाऊन उभी राहिली. आकडे घेऊन गेली होती. गेल्या पंधरा वर्षांत गावात किती कमी मुलींना नको असताना दिवस राहिले, किती कमी पोरांना रोग लागले, सगळं तिने मांडलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि हसत म्हणाले, "इर्या, आजकालच्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. तू त्यांना काय शिकवतेस? त्यांनाच बोलव आपला वर्ग घ्यायला."

सभा हसली. आर्वो मागच्या बाकावर बसला होता. त्याचे कान तापले, पण तोंड काही उघडलं नाही.

शेवटच्या तासाला इर्याने फळ्यावर घरचा फोन नंबर लिहिला. "मी नसेन तेव्हा माझा नवरा उचलेल," ती वर्गाला म्हणाली. "त्याला घाबरू नका. तो कुणाला काही सांगत नाही. मलासुद्धा सांगत नाही."

हे तिने आर्वोला विचारून केलं नव्हतं. त्याला कळलं ते चौथ्या दिवशी, पहिला फोन आला तेव्हा.

"नर्सबाई आहेत का?" पोराचा आवाज, नुकताच फुटलेला.

"नाहीत. गावाला गेल्यात."

"मग... तुम्हाला विचारलं तर चालेल?"

"विचार," आर्वो म्हणाला. त्याला वाटलं, लशीबिशीचं असेल.

पोराने जे विचारलं ते ऐकून आर्वो उभा होता तो स्टुलावर बसला. "थांब," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवून दिला. संध्याकाळी इर्याने ते ऐकलं तेव्हा ती हसली नाही. ती म्हणाली, "आर्वो, त्या पोराला नंबर फिरवायला किती धीर गोळा करावा लागला असेल? आणि तू ठेवून दिलास."

मग तिने एक कागद लिहून फोनच्या वर भिंतीला चिकटवला. काय झालं, कधी झालं, किती तास झाले. पोटात दुखतंय का, ताप आहे का, कधीपासून. अंगावरून काही जातंय का. इर्या आज कुठल्या गावात आहे आणि तिथला फोन काय. कायानीच्या इस्पितळाचा नंबर. आणि सगळ्यात खाली, दोनदा रेघ मारून: नाव विचारायचं नाही.

पहिले काही आठवडे आर्वो तो कागद वाचून दाखवल्यासारखा बोलायचा. पण हळूहळू तो सरावला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात बायकोसमोरही 'पाळी' हा शब्द उच्चारला नव्हता, तो आता एका हाताने कॉफी ढवळत विचारायचा, "शेवटची पाळी कधी आली होती बाळ? नीट आठव, घाई नाही."

एकदा शनिवारी सकाळी, इर्या शेजारी गेली असताना, एका मुलीचा फोन आला. रडत होती. कंडोम फाटला होता.

"किती तास झाले?"

"काल संध्याकाळी... आठला."

"म्हणजे चौदा तास. बहात्तर तासांच्या आत गोळी घेतली तर चालते, पण जितकी लवकर तितकी बरी. आता रडायचं थांबव. नाक पूस. इर्याला मी निरोप देतो, ती डॉक्टरांशी बोलेल. तू अकराला बस स्टँडवर ये. निळी गाडी असेल आमची."

त्या दिवशी फोन ठेवल्यावर आर्वोला बऱ्याच महिन्यांनी वाटलं की आज आपण काहीतरी काम केलं. गिरणी गेल्यापासून असं झालं नव्हतं. तो बाहेर जाऊन विनाकारण अंगणातला बर्फ दोनदा ओढून आला.

गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. शरद ऋतूत मूस या थोरल्या हरणाच्या शिकारीला माणसं जमली, शेकोटीवर सॉसेज भाजायला लागली, तसा पेन्ती म्हणाला, "काय सुईणबाई, आज किती बाळंतपणं?" पेन्ती त्याचा गिरणीतला जोडीदार. वीस वर्षं दोघांनी एका करवतीवर काम केलं होतं. सगळे खो खो हसले.

"तुझी वेळ आली की कळव," आर्वो म्हणाला. "पोट तर दिसतंयच."

पेन्तीसुद्धा हसला. त्यांच्यात ते चालायचं. पेन्तीची धाकटी मुलगी हेन्ना लहानपणी आर्वोच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. तिला तळ्यावर मासे धरायला आर्वोनेच शिकवलं. सहा वर्षांची होती तेव्हा बर्फावर पोटावर झोपून भोकात डोकावून ओरडायची, "आल्वोकाका, आला, आला!" तिला 'र' म्हणता यायचा नाही. पुढे तो यायला लागला, पण जरा जड, जिभेला ओझं झाल्यासारखा.

पंच्याण्णवच्या मार्चमध्ये इर्याच्या बहिणीचं ऑपरेशन झालं आणि इर्या सहा दिवस कुओपिओला गेली. गुरुवारी दुपारी फोन वाजला.

"नर्सबाई... नाहीत का?"

"नाहीत, पण मी विचारून घेतो. काय होतंय?"

"पोटात खाली दुखतं. दोन्हीकडे."

"ताप?"

"थोडा. रात्री जरा जास्त."

त्या 'रात्री'तल्या जड 'र'वरून आर्वोने आवाज ओळखला. पुढे कागदावर 'कधीपासून' असं होतं. ते विचारायचं सोडून तो, त्याच्या मनात जी माया दाटून आली तिच्या भरात, अगदी हळुवार आवाजात म्हणाला, "हेन्ना? तूच ना गं?"

पलीकडे लगेच फोन ठेवल्याचा आवाज.

आर्वो रिसीव्हर हातात धरून उभा राहिला. नजर कागदाच्या शेवटच्या ओळीवर. परत फोन करावा? पेन्तीच्या घरचा नंबर त्याला पाठ होता. पण उचलला पेन्तीने तर? काय सांगायचं? तुझ्या पंधरा वर्षांच्या पोरीला दे? तिकडे जावं तर काय निमित्ताने जावं? पेन्तीची बहीण आरोग्य केंद्रात खिडकीवरच बसायची, तिथेही बोलायची सोय नव्हती. कुओपिओला इर्याला फोन लावता आला असता. त्याने दोनदा नंबर फिरवायला घेतला आणि दोनदा ठेवला. इर्याला सांगायचं म्हणजे आपण काय केलं ते सांगायचं. पोरगी पुन्हा फोन करेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तो घराबाहेर पडला नाही. शनिवारी एका मुलाचा फोन आला, दुसरा चुकून लागलेला होता. बस.

रविवारी इर्या परत आली. कोट काढता काढता विचारलं, "कुणाचे फोन?"

"एका पोराचा होता," आर्वो म्हणाला. "त्याला मंगळवारी यायला सांगितलंय."

"आणखी?"

"आणखी नाही."

त्यानंतर बारा दिवसांनी, शाळेच्या स्कीइंगच्या दिवशी, हेन्ना उतारावर खाली बसली ती उठलीच नाही. रुग्णवाहिकेने तिला कायानीला नेलं आणि दुपारीच ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी पेन्ती आर्वोच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"अपेंडिक्स फुटलं म्हणे," तो म्हणाला. "दोन-तीन आठवडे पोट धरून बसली असणार. बोलली नाही एका शब्दाने. आमच्यावरच गेलीय, दुसरं काय."

इर्याने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. आर्वोने आपला कप न पिता बाजूला सरकवला. पेन्ती गेल्यावर इर्या भांडी विसळायला लागली. आर्वो तिच्या पाठीकडे बघत बोलला.

"अपेंडिक्स नाही ते."

"मलाही तसं वाटतंय. पण तुला कसं ठाऊक?"

"तिने फोन केला होता. तू कुओपिओला होतीस तेव्हा. गुरुवारी."

इर्याचे हात थांबले नाहीत. तोच कप ती पुन्हा पुन्हा विसळत राहिली. "ताप होता म्हणाली?"

"हो."

"कधीपासून?"

"तिथपर्यंत गेलोच नाही. मी... आवाज ओळखला. नाव घेतलं तिचं."

नळ चालू होता. इर्याने तो बंद केला. "आणि मी आल्यावर विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस? तेव्हासुद्धा वेळ होता आर्वो. आठवडाभर औषध पोटात गेलं असतं तर बरी झाली असती."

"लाज वाटली."

"लाज वाटली," ती म्हणाली. "वीस वर्षं मी त्या पोरांना हेच सांगतेय. लाज बाजूला ठेवा. दुसरं काही शिकवलं नाही तरी चालेल, एवढं शिका." तिचा आवाज चढला नव्हता. तिने हात पुसले, कोट घातला आणि ती कायानीच्या बसला गेली.

हेन्ना तिच्याशी बोलली. क्लॅमिडिया होता, शरीरसंबंधातून लागणारा रोग. तो वर चढून गर्भनलिकांपर्यंत गेला होता आणि तिथे पू झाला होता. एक नलिका काढावी लागली, दुसरी राहिली ती नावाला. ज्या मुलाकडून तो आला होता तो तिच्या पुढच्या वर्गात होता आणि त्याला स्वतःला कसला म्हणून त्रास नव्हता. इर्याने तिथल्या डॉक्टरांबरोबर, कुणाचं नाव कुणाला न सांगता, एकेकाला शोधून काढलं. दोन महिन्यांत गावात आणि आसपास अकरा पोरं-पोरी निघाली. त्यांतल्या आठांना आपल्याला काही झालंय हे माहीतही नव्हतं. सगळ्यांना औषध मिळालं. नगरपालिकेने इर्याला आणखी अर्धा दिवस दिला. मंगळवार आणि गुरुवारची सकाळ.

आईवडिलांना काय सांगायचं हे हेन्नाने ठरवलं. अपेंडिक्स म्हणजे अपेंडिक्स. इस्पितळाने तिचा शब्द पाळला, इर्यानेही. आर्वोचा तर प्रश्नच नव्हता.

"मी फोन उचलणार नाही," तो इर्याला म्हणाला.

"मग कोण उचलणार? मी साडेतीन दिवस बाहेर असते."

"मशीन लाव."

"मशीनला पोरं सांगतील? तूच उचलायचास."

तो उचलत राहिला. पण आता त्याच्या बोलण्यातलं 'बाळ' गेलं, 'नाक पूस' गेलं. काय झालं, कधी झालं, किती तास. खटखट विचारायचा, लिहून घ्यायचा, नंबर द्यायचा. एकदा इर्याने दारातून ऐकलं आणि म्हणाली, "जरा मायेने बोलत जा की."

"मायेनेच तर घात झाला," आर्वो म्हणाला.

इर्याने पुन्हा त्या गोष्टीचा उच्चार केला नाही. भांडणातसुद्धा नाही. तिने एकदा तरी तोंडावर मारावं असं त्याला कितीदा वाटलं. शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो. त्याला ते मिळालं नाही.

हेन्ना शाळा संपवून औलूला गेली, बेकरीत लागली, बाविसाव्या वर्षी लग्न केलं. नवरा यान्ने, गवंडीकाम करणारा, भला पोरगा. दोन हजार तीनच्या शिकारीला आर्वो आणि पेन्ती एका मचाणावर बसले होते. धुकं होतं, मूसचा पत्ता नव्हता. पेन्ती बंदुकीच्या नळीवरचा ओलावा पुसत म्हणाला, "आमच्या हेन्नाला मूल होत नाही रे. डॉक्टर म्हणतात नळ्या बंद आहेत. बायको रडते रोज. अपेंडिक्समुळे असं होऊ शकतं का? तुझ्या इर्याला विचारशील?"

"विचारतो," आर्वो म्हणाला.

आठवड्याने पेन्तीने आठवण केली तेव्हा तो म्हणाला, "विचारलं. होतं म्हणे कधी कधी. फुटलं की होतं."

"म्हणजे कुणाची चूक नाही."

"नाही," आर्वो म्हणाला.

पुढच्या जुलैत पेन्तीची साठी होती. तळ्याकाठच्या त्यांच्या कॉटेजवर निम्मं गाव लोटलं होतं. स्ट्रॉबेरीचा केक, भाजलेले मासे, अकॉर्डियन. हेन्ना आणि यान्ने आले होते. ती लहान पोरांना होडीत बसवत होती, उतरवत होती. पोरं गेल्यावर ती धक्क्याच्या टोकाला एकटीच पाय पाण्यात सोडून बसली, तेव्हा आर्वो तिच्याकडे गेला. नऊ वर्षं तो तिच्यापासून चार हात लांबच राहिला होता. गुडघे दुखायचे, तरी तो तिच्या शेजारी फळ्यांवर बसला.

"हेन्ना, तो फोन," तो म्हणाला.

तिने मान वळवली नाही. "आठवतोय मला."

"मी नाव घ्यायला नको होतं."

"मी आधी शाळेत गेले होते," हेन्ना म्हणाली. "दारावर पाटी होती, मंगळवारी म्हणून. आणि तो बुधवार होता. गुरुवारी आई बाहेर गेली तेव्हा तुम्हाला फोन केला."

"पुन्हा का नाही केलास गं? मी दोन दिवस फोनपाशीच बसून होतो."

"करणार होते. रविवारी हातात घेतला होता. पण वाटलं, तुम्हीच उचलाल." तिने पाय पाण्यात हलवला. "तुम्ही रागावला असतात ना काका, तर केला असता कदाचित. पण तुम्ही इतक्या प्रेमाने विचारलंत. मला वाटलं, आता यांना माझ्याविषयी कळलं. आता हे मला मासे धरायला नेणार नाहीत."

आर्वो फळीतून वर आलेला एक खिळा अंगठ्याने दाबत राहिला.

"मी तुम्हाला दोष देत नाही," हेन्ना म्हणाली. "म्हणजे, देते कधी कधी. मग त्या मुलाला देते. मग स्वतःला. मग शाळेला. फिरून फिरून पुन्हा तुमच्यापाशी येते. खोटं कशाला बोलू."

"नको बोलूस."

"बाबांना नका सांगू. त्यांना वाटू दे अपेंडिक्स."

"नाही सांगणार."

तेवढ्यात पेन्ती हातात ग्लास घेऊन डुलत आला आणि त्याने दोघांच्या खांद्यांवर हात टाकले. "काय गुजगोष्टी चालल्यात?"

"काही नाही बाबा. मासे कुठे लागतात ते विचारत होते."

"हा काय सांगणार! याला मी शिकवलं!" पेन्ती गडगडून हसला आणि तिला नाचायला ओढून घेऊन गेला. ती गेली. नाचलीसुद्धा.

त्याच सुमारास शाळांतून आरोग्य हा विषय पुन्हा सक्तीचा झाला. मंदी जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती. मधल्या काळात देशभरात कोवळ्या मुलींचे गर्भपात वाढल्याचे आकडे वर्तमानपत्रांत आले आणि सरकारला जाग आली. शरद ऋतूत हार्युकोस्कीच्या शाळेत नवी तरुण नर्स रुजू झाली. इर्या तोवर निवृत्त झाली होती. तिला ओळख करून द्यायला बोलावलं होतं. परत आली तेव्हा आर्वो टेबलापाशी बटाटे सोलत बसला होता.

"चांगली आहे मुलगी," इर्या म्हणाली. "धीट आहे. पोरं लगेच तिच्याभोवती जमली."

"रोज असते?"

"रोज. आठ ते चार."

आर्वोने मान डोलावली. आणखी एक बटाटा घेतला, अर्धा सोलला आणि मग सुरी खाली ठेवली. "बुधवारीसुद्धा," तो म्हणाला.

इर्या त्याच्याकडे बघत राहिली. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं, त्याच्या आईच्या मातीलासुद्धा नाही. तिने पातेलं बाजूला सरकवलं, खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली. त्याचं रडून होईपर्यंत ती उठली नाही. मग उरलेले बटाटे तिने सोलले.